हार्प शिकताना कुठल्या तारेला कुठले बोट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्पवर पहिला सूर काढायला काहीच लागत नाही. तार ओढली की तो येतो, आणि गोडच येतो. फुंक साधायला नको, गज धरायला नको. खरी गोची दुसऱ्या सुराला होते, कारण तोवर हात हवेत असतो आणि कुठले बोट कुठे जाणार हे कोणीच ठरवलेले नसते. नव्याने शिकणारे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण मुद्दाच तसा आहे. काही एका ओळीत संपतात.

बोटांचे आकडे कसे वाचायचे?

अंगठा 1, तर्जनी 2, मधले बोट 3, अनामिका 4. दोन्ही हातांना हेच. व्हायोलिनवरून आलेल्यांची इथे फजिती होते, कारण त्यांच्याकडे तर्जनीला 1 म्हणतात. पहिला आठवडाभर ते प्रत्येक आकडा एका बोटाने चुकवतात. कागदावर हाताचा पंजा काढून त्यावर आकडे लिहा आणि तो स्टँडवर लावा. चार दिवसांत सवय होते.

करंगळीला काहीच काम नाही का?

तार ओढायचे काम नाही. करंगळी आखूड असते. ती तारेपर्यंत पोचवायची तर अख्खा हात बाहेरच्या बाजूला कलंडवावा लागतो, आणि मग बाकीच्या चार बोटांची ठेवण बिघडते. एका बोटासाठी चार बोटांचे नुकसान करून घेण्यात अर्थ नाही. पाच बोटांचा आग्रह धरणारे लोक होऊन गेले आहेत. फ्रान्समधल्या मादाम द जांलिस यांनी 1802 मध्ये छापलेल्या आपल्या शिक्षणपद्धतीत करंगळी वापरायला सांगितले होते. ते रुजले नाही.

मात्र करंगळी ताठ बाहेर काढून ठेवू नका. ती अनामिकेबरोबर सहज मिटली पाहिजे. चहाचा कप धरल्यासारखी ती वर राहिली, तर तिच्यातला ताण थेट अनामिकेत उतरतो आणि मग "माझे चौथे बोट कमजोर आहे" अशी तक्रार सुरू होते.

मला पियानो येतो. त्याचा उपयोग होईल की अडथळा?

डाव्या हाताला उपयोग, उजव्याला अडथळा. पियानोवर उजव्या हाताचा अंगठा सर्वांत खालच्या सुरावर असतो आणि करंगळी वरच्या सुरावर. हार्पवर उलटे. वाद्य उजव्या खांद्यावर टेकलेले असते, आखूड म्हणजे उंच सुरांच्या तारा तुमच्या जवळ आणि लांब तारा दूर. त्यामुळे दोन्ही हातांचे अंगठे वरच्या सुराकडे आणि अनामिका खालच्या सुराकडे. डाव्या हाताला पियानोवरही असेच असते, म्हणून तो गडबडत नाही. उजवा हात मात्र काही आठवडे रुसून बसतो.

याच्या बदल्यात एक मोठी सवलत मिळते. पियानोवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे प्रत्येक सप्तकाची बोटे वेगळी पाठ करावी लागतात. हार्पवर सगळ्या तारा एका रांगेत. शार्प-फ्लॅट करण्याचे, म्हणजे सूर अर्ध्या पायरीने चढवण्या-उतरवण्याचे काम पायाने दाबायची पेडल किंवा हाताने फिरवायचे लिव्हर करतात. पेडल हार्पला 47 तारा आणि 7 पेडल असतात. प्रत्येक पेडल तीन खाचांत बसते आणि त्या नावाच्या सगळ्या तारा एकदम बदलते. ही दुहेरी रचना सेबास्तियाँ एरार यांनी 1810 मध्ये पक्की केली. बोटांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सी मेजर आणि ई फ्लॅट मेजर या सप्तकांचे फिंगरिंग, म्हणजे कुठल्या सुराला कुठले बोट ते, हुबेहूब एकच. एकदा आकार हाताला बसला की तो कुठल्याही पट्टीत चालतो. आणि दोन्ही हातांनाही तोच आकार चालतो.

"आरामदायी फिंगरिंग" म्हणजे नेमके काय?

बहुतेकांना वाटते, आत्ता वाजतोय तो सूर ज्या बोटाने सहज येतो ते आरामदायी. मी असे मानत नाही. आत्ताचा सूर कुठल्याही बोटाने सहज येतो, तर्जनी तर त्यासाठी सदैव एका पायावर तयार असते. पुढचा सूर येईल तेव्हा हात आधीच तिथे हजर असेल, तर ते फिंगरिंग आरामदायी. म्हणून बोटे ठरवताना सुरुवातीकडून शेवटाकडे न जाता उलटे जावे. ओळीचा शेवटचा, लांब सूर कुठल्या बोटावर यायला हवा ते बघा, मग तिथून मागे मागे येत बोटे लिहा.

एक उदाहरण घेऊ. लाल तार सी, तिला सा धरा. (सगळ्या सी तारा लाल आणि एफ तारा काळ्या किंवा निळ्या असतात, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही.) सा रे ग म प असे पाच सूर चढायचे आहेत. बोटे चार, सूर पाच. आता काय?

नवखा माणूस 4 3 2 1 वाजवतो आणि पंचमाला जे बोट सापडेल ते लावतो. बहुधा तर्जनीच. पंचम लटका लागतो आणि हात तारांवरून सुटतो.

पंचमाच्या पुढे काय आहे हे आधी बघायला हवे. ओळ आणखी वर, ध नि सां अशी जाणार असेल, तर 4 3 2 1 वाजवून अंगठ्याखालून 4 पुढे न्या आणि पंचम त्यावर घ्या. लगेच 3 2 1 ही बोटे ध नि सां वर बसतात, हात तयार. पण ओळ पंचमावर थांबणार असेल किंवा तिथून परत उतरणार असेल, तर पंचम अंगठ्यावर यायला हवा. मग 2 1 वाजवा, अंगठ्याखालून 3 न्या आणि 3 2 1 ने ग म प घ्या. शेवटच्या सुराला भरदार अंगठा मिळतो. तिसरा मार्ग म्हणजे अनामिकेने सा वाजवून तीच पुढच्या तारेवर घसरवायची: 4 4 3 2 1. रे ग म प या चारही तारांवर बोटे आधीच बसलेली राहतात, त्यामुळे उतरताना प म ग रे हे 1 2 3 4 ने आयते मिळतात. घसरवणे सुरुवातीला ओबडधोबड वाटते. संथ लयीत ते ऐकूही येते, म्हणून मी ते जलद ओळींसाठी राखून ठेवते.

पाचच सूर, आणि तीन वेगळी उत्तरे. पुढे काय येते यावर सगळे ठरते.

बोटे तारांवर आधी ठेवायची म्हणतात, ते कशासाठी?

तार ओढण्याआधी त्या गटातली सगळी बोटे आपापल्या तारांवर टेकवून ठेवायची, ही हार्पची मूळ सवय. छापील स्वरलिपीत सुरांच्या वर किंवा खाली चौकोनी कंस दिसतो, त्याचा अर्थ "ही बोटे एकदम ठेवा" असा असतो. आकड्यांकडे सगळे बघतात, कंसाकडे कोणी बघत नाही. खरे तर नुसते आकडे हे अर्धेच फिंगरिंग. 4 3 2 1 ही चार बोटे एकदम ठेवून वाजवली तर ती एक हालचाल होते. एकेक करून ठेवली तर चार हालचाली, आणि चार वेळा चुकायची संधी.

याला एक अपवाद आहे. बोट टेकले की ती तार मुकी होते. संथ रचनेत आधीचे सूर घुमत राहायला हवे असतील, आणि त्याच तारांवर तुम्ही घाईने बोटे ठेवलीत, तर घुमारा कचकन तुटतो. अशा ठिकाणी एकेक बोट, अगदी वेळेवर ठेवा.

सूर जास्त आणि बोटे कमी पडतात तेव्हा काय करायचे?

सूर मोजू नका, तारा मोजा. ग रे ग म प ही ओळ घ्या. सूर पाच आहेत, पण तारा चारच: रे ग म प. म्हणजे 4 3 2 1 एकदा ठेवली की काम झाले. वाजवायचा क्रम 3 4 3 2 1. कुठेही खालून जायला नको, उडी नको. ही ओळ अंगठा आणि तर्जनीने आलटून पालटून वाजवत, दर दोन सुरांना हात हलवत धापा टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. मीही त्यांतलीच होते.

इथे फक्त ग परत येतो तेव्हा सांभाळायचे. पहिल्या ग ची तार अजून थरथरत असते. तिच्यावर बोट हळूच टेकवले तर झर्रर्र असा आवाज होतो. बोट उशिरा, पण ठामपणे टेकवा आणि लगेच ओढा.

सप्तक चढताना-उतरताना बोट "खालून" आणि "वरून" न्यायचे म्हणजे कसे?

चढताना 4 3 2 वाजून झाली की अंगठा अजून आपल्या तारेवरच असतो. त्याच वेळी बाकीची बोटे अंगठ्याच्या खालून पुढच्या तारांवर जातात, आणि ती बसल्यावरच अंगठा वाजतो. उतरताना उलट: 1 2 3 वाजली, अनामिका तारेवर आहे, तिच्या वरून अंगठा आणि बाकीची बोटे पुढे जातात, मग अनामिका वाजते. मधल्या त्या क्षणी एक बोट खुंट्यासारखे रोवलेले असते. ते सुटले की हात भरकटतो.

नव्वद टक्के वेळा चूक एकच असते, अंगठा आडवा पडलेला असतो. अंगठा वर आणि बाकीची बोटे खाली झुकलेली असतील तर खालून जायला बोगदा मिळतो. अंगठा पडला की बोगदा बंद. त्यामुळे "मला हे क्रॉसिंग जमत नाही" असे कोणी म्हणाले की मी बोटांकडे बघतच नाही, आधी अंगठा बघते.

आठ सुरांचे सप्तक चार-चारच्या दोन गटांत बसते, म्हणून ते सोपे. पण त्यात एक खोड आहे. प्रत्येक गटाची सुरुवात अनामिकेवर, म्हणजे सर्वांत अशक्त बोटावर होते आणि शेवट अंगठ्यावर, म्हणजे सर्वांत दांडग्या बोटावर. ठेका पहिल्या सुरावर हवा असतो आणि जोर पडतो चौथ्यावर. रेकॉर्ड करून ऐका, धक्के स्पष्ट कळतात. रोज पाच मिनिटे प्रत्येक गटाचा पहिला सूर मुद्दाम लांबवून वाजवा. अनामिका हळूहळू ताळ्यावर येते.

दोन सूर एकदम वाजवताना कुठली बोटे?

तारांमधल्या अंतरावरून ठरवा. सा-ग सारख्या जवळच्या जोडीला 2 आणि 1. सा-प ला 3 आणि 1. सा-सां ला 4 आणि 1. मधल्या अंतरांना दोन्हीकडची बोटे चालतात, हात बघून घ्या. सा ग प या तीन सुरांना 3 2 1, त्यात वरचा सां मिळवला की 4 3 2 1. हार्पच्या तारा पियानोच्या पट्ट्यांपेक्षा जवळ असतात, त्यामुळे पियानोवर जे अंतर ताणून घ्यावे लागते ते इथे बऱ्याच जणांना सहज मिळते, अगदी सा पासून वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत.

डाव्या हाताच्या साथीत सा-प-सां वारंवार येते. त्याला 4 2 1 की 3 2 1?

4 2 1 ची सवय लावा. माझी गोष्ट सांगते. सुरुवातीच्या काळात एका रचनेची साथ मी 3 2 1 ने बसवली, कारण अनामिकेचा भरवसा नव्हता. संथ लयीत उत्तम वाजत होते. तीन आठवडे खुशीत घोटले. रचनेच्या दुसऱ्या भागात वरच्या सां च्या जागी आणखी वरचा ग येतो, ते मी "नंतर बघू" म्हणून ठेवले होते. तो भाग आल्यावर लक्षात आले, की मधल्या बोटापासून अंगठ्यापर्यंत एवढे ताणताच येत नाही. अनामिका वापरली तरच हात तिथे पोचतो. तोवर हाताला 3 2 1 इतके मुरले होते, की ते काढून टाकायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. बाईंनी पहिल्याच दिवशी 4 2 1 लिहून दिले होते. ते मी खोडले होते.

त्या दिवसापासून, पूर्ण रचना चाळल्याशिवाय पहिल्या ओळीचीही बोटे मी पक्की करत नाही.

छापील फिंगरिंग पाळलेच पाहिजे का?

नाही, पण खोडण्याआधी त्याला आठवडाभर संधी द्या. अनोळखी फिंगरिंग नेहमीच अवघड वाटते आणि आपल्या वाईट सवयी नेहमीच आरामदायी वाटतात. संपादकाने काही हेतूने लिहिले असते, आणि तो हेतू पुष्कळदा दोन बार (स्वरलिपीतले तालाचे खाने) पुढे दडलेला असतो. तो सापडल्यावरही हाताला जमत नसेल, तर बेलाशक बदला. संपादकाचा हात तुमच्यापेक्षा मोठा असू शकतो, त्याच्या हार्पच्या तारा वेगळ्या अंतरावर असू शकतात.

हेही लक्षात घ्या, की हार्पच्या वेगवेगळ्या घराण्यांत, म्हणजे शिकवण्याच्या परंपरांत, हाताची ठेवणच वेगळी आहे. कार्लोस साल्झेडो यांच्या पद्धतीत कोपरे उचललेली असतात. हेन्रिएत रेनिए आणि त्यांचे शिष्य मार्सेल ग्रांजानी यांच्या फ्रेंच पद्धतीत उजव्या हाताचे मनगट साउंडबोर्डच्या, म्हणजे तारा खाली जिथे रोवलेल्या असतात त्या फळीच्या, कडेला हलकेच टेकते. एका ठेवणीत सुचलेले फिंगरिंग दुसरीत अडखळू शकते. कुठली पद्धत श्रेष्ठ या वादात शिकणाऱ्याने पडू नये. तुमचे शिक्षक ज्या पद्धतीत वाढले, ती धरा.

फिंगरिंग लिहायचे किती? माझी स्वरलिपी आकड्यांनी भरून गेली आहे.

मग ती वाचता येत नसणार. प्रत्येक सुरावर आकडा लिहिणे म्हणजे एकही न लिहिण्यासारखेच. गटाचे पहिले बोट, खालून-वरून जाण्याची जागा आणि जिथे तुम्ही दोनदा चुकलात ती जागा, एवढेच लिहा. बाकी कंस पुरतो. पेन्सिलच वापरा.

एकच सूर भराभर पुन्हा येतो तेव्हा?

संथ असेल तर एकच बोट पुरे. जलद असेल तर त्याच तारेवर 2 1 किंवा 3 2 1 असे बोट बदलत जा. तरी थरथरत्या तारेवर बोट टेकण्याची झरझर पूर्ण जात नाही. पेडल हार्पवाल्यांकडे त्यावर एक छान युक्ती आहे: शेजारच्या दोन तारा पेडलने एकाच सुरावर आणायच्या, उदाहरणार्थ सी शार्प आणि डी फ्लॅट, आणि आलटून पालटून दोन्ही वाजवायच्या. प्रत्येक तारेला श्वास घ्यायला फुरसत मिळते. मात्र डी, जी आणि ए हे साधे सूर असे दोन तारांवर मिळत नाहीत. तिथे बोटांनाच राबावे लागते.

लिव्हर हार्प आहे. मध्येच लिव्हर फिरवायला हात कसा मोकळा करायचा?

लिव्हर हार्पच्या मानेवर, म्हणजे तारा वर जिथे बांधलेल्या असतात त्या कमानीवर, डाव्या बाजूला असतात, म्हणजे हे काम डाव्या हाताचे. त्या ठोक्याला डावा हात रिकामा हवा हे फिंगरिंग ठरवतानाच धरायला हवे. तीन मार्ग: डाव्या हाताचा एखादा सूर उजव्याने घ्यायचा, साथीतला एक सूर सरळ गाळायचा किंवा लिव्हर आधीच्या बारमध्ये, तो सूर वाजत नसताना फिरवून ठेवायचा. तिसरा मार्ग सर्वांत चांगला. सूर गाळायला लोक कचरतात, पण लिव्हर फिरवताना अडखळलेला ठेका सगळ्यांना ऐकू येतो आणि गाळलेला सूर क्वचितच कोणाला.

उजव्या हाताची ओळ डाव्याने वाजवली तर ती पळवाट झाली का?

अजिबात नाही. दोन्ही हात त्याच तारांवर पोचतात. मोठमोठ्या आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागोमाग सुटे वाजवणे, हातामागून हात टाकतच वाजवतात. आर्पेजिओ हा शब्दच मुळी हार्पवरून आला आहे. ओळीत एकच सूर उजव्या हाताला छळत असेल आणि डावा हात तिथे रिकामा बसला असेल, तर तो सूर त्याला द्या. फक्त आवाज सारखा येतो का ते डोळे मिटून ऐका.

चाल स्पष्ट ऐकू येत नाही, हे फिंगरिंगमुळे असेल का?

पुष्कळदा असते. चाल बहुधा सर्वांत वरच्या सुरात असते, आणि तो सूर अंगठ्यावर आला की आपोआप उठून येतो. चालीचा सूर तर्जनीवर आणि साथीचा अंगठ्यावर अशी उलटापालट झाली असेल, तर कितीही जोर लावा, साथच पुढे येते. हार्मोनिक, म्हणजे त्याच तारेचा एक सप्तक वरचा, घंटेसारखा सूर काढायचा असेल तिथेही उजव्या हाताचा अंगठाच लागतो, कारण दुमडलेल्या तर्जनीचे पेर तारेच्या मध्यावर टेकवून अंगठ्याने ती ओढायची असते. असे सूर आधी पक्के करा, मग भोवतीची बोटे लावा.

नखे वाढवू की कापू?

आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारा असतील तर कापा. तारेला बोटाचा मांसल भाग लागला पाहिजे. नख लागले की सूर पातळ होतो आणि खरखरतो. पण हा साऱ्या हार्पांना लागू होणारा नियम नाही. पॅराग्वेच्या हार्पवर नखांनीच वाजवतात. आयर्लंडची जुनी हार्प धातूच्या तारांची होती आणि तीही नखांनी वाजे. 1792 च्या बेलफास्टच्या हार्प महोत्सवात आलेले वयोवृद्ध, अंध वादक डेनिस हेम्पसन असेच वाजवत. त्या परंपरेत डावा हात वरच्या सुरांवर आणि उजवा खालच्या, म्हणजे हातच उलटे.

बोटे दुखतात. चुकीच्या फिंगरिंगमुळे का?

कुठे दुखते त्यावर आहे. बोटांच्या टोकांना फोड येणे, कातडी हुळहुळणे हे सुरुवातीला सगळ्यांना होते. फोड फोडू नका, दोन दिवस थांबा. पण मनगट, अंगठ्याचा बुडखा किंवा कोपराखालचा भाग दुखत असेल, तर थांबून नीट बघा. बहुतेक वेळा ताणून घेतलेले अंतर किंवा न मिटलेला हात कारणीभूत असतो. तार ओढल्यावर बोट तळहातात यायला हवे आणि अंगठा तर्जनीवर मिटायला हवा. त्या मिटण्यात हाताला क्षणभर विश्रांती मिळते. बोटे ओढल्यावरही तारांजवळ ताठ अडकून राहिली, तर ती विश्रांती मिळत नाही आणि दहा मिनिटांत हात भरून येतो.

मोठ्या अंतराला 4 ऐवजी 3 वापरण्याचा हट्ट असेल तर तो सोडा. चार सुरांचा कॉर्ड एकदम पकडताना ओढ बसत असेल, तर तो खालून वर विखरून वाजवा. हार्पवर ते अधिक शोभतेही. दुखणे रात्रीही राहत असेल, बोटे बधिर होत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

संथ वाजते, पण लय वाढवली की कोसळते. फिंगरिंग बदलू का?

आधी कुठे कोसळते ते शोधा. दर वेळी त्याच जागी कोसळत असेल तर फिंगरिंगवर संशय घ्यायला जागा आहे. दर वेळी वेगळीकडे कोसळत असेल तर फिंगरिंगचा दोष नाही, सराव कमी आहे. तपासायची एक रीत: अडणाऱ्या जागेचे फक्त चार-पाच सूर घ्या आणि ते पूर्ण लयीत, वाटेल तितके वाईट, पण न थांबता वाजवून बघा. हात कुठे उडी मारतो ते दिसते. संथ लयीत ती उडी लपून राहते, कारण तेव्हा वेळ भरपूर असतो. म्हणूनच नवीन रचनेची बोटे ठरवताना मी प्रत्येक अवघड जागा एकदा तरी पूर्ण वेगात करून बघते, मगच ती संथपणे घोटायला घेते.

आणि बदलायचे ठरलेच तर एकदाच बदला. सोमवारी एक, बुधवारी दुसरे असे केले तर कार्यक्रमात हात मधेच थबकतो आणि विचारतो, "यातले कुठले?"

हार्प बदलली की फिंगरिंगही बदलावे लागते का?

सगळे नाही. तारांमधले अंतर वाद्यागणिक थोडे वेगळे असते, आणि एकाच वाद्यावर खर्जाच्या तारा वरच्यांपेक्षा लांब लांब असतात. लहान लिव्हर हार्पवरून मोठ्या पेडल हार्पवर गेलात तर चढते-उतरते गट तसेच राहतात. बिघडतात ती मोठी अंतरे, विशेषतः डाव्या हाताची, खालच्या टोकाची. नवीन वाद्यावर पहिल्या दिवशी रचना वाजवत बसू नका. फक्त तेवढ्या जागा काढा, प्रत्येक ठिकाणी बोटे नुसती ठेवा, वाजवू नका, आणि हात ताणला जातो तिथे पेन्सिलने गोल करा. माझ्या एका चार पानी रचनेत असे सहा गोल निघाले. त्यातल्या चार ठिकाणी वरचा सूर उजव्या हाताने उचलला. उरलेल्या दोन ठिकाणी अजून पेन्सिल आणि खोडरबर चालू आहे.